चिंधीला चिंधी

"जे सोडशील त्याला आधी चिंधी बांध. दोन्ही टोकांना, एकाच रंगाची. मग सोड."

हे वाक्य बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. लग्न होऊन या घरात आले त्याच्या तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला गॅरेजमध्ये उभं करून ते ऐकवलं, आणि पुढची अकरा वर्षं मी ते पाळलं. इंजिन उतरवायचं म्हणजे पंधरा-वीस नळ्या आणि तितक्याच वायरी सोडाव्या लागतात. सगळं डोक्यात ठेवतो म्हणणारा मिस्त्री तिसऱ्या दिवशी तेच डोकं खाजवत बसतो. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, फाटके शर्ट असं सगळं फाडून मी गाठोडं करून ठेवायचे. नळीच्या टोकाला एक निळी चिंधी, नळी जिथून निघाली त्या तोटीला दुसरी निळी. काम संपत आलं की चिंधीला चिंधी शोधायची आणि जोडत जायचं. महिनाभर गाडी उघडी पडली तरी चुकायचं नाही.

आता बाबा काही सांगत नाहीत. दहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत खाटेवर पडलेले असतात. दार उघडं ठेवावं लागतं, कारण पान्याचा आवाज ऐकू आला नाही की डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवतात.

जिच्याबद्दल सांगतेय त्या गाडीचं काम गेल्या वर्षीचं. गावातल्या छोट्या दवाखान्याची गाडी. उंच, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं आणि सिस्टरला घेऊन जाणारी. वय झालेलं. तिचं पेट्रोलचं इंजिन तेल पिऊन पिऊन थकलं, तेव्हा दवाखान्याने कुठून तरी एक वापरलेलं डिझेलचं इंजिन आणलं आणि म्हणाले, हे बसवा. लाकडी खोक्यातून आलं ते. डायनामो नव्हता, आधीच कुणीतरी काढून घेतलेला. बाकी इंजिन चांगलं होतं.

बारा दिवस आम्ही तिघं त्या कामाला जुंपलेले होतो. नवं इंजिन जुन्यापेक्षा चार बोटं लांब, त्यामुळे पंखा रेडिएटरला घासत होता. रेडिएटर पुढे सरकवला. इंजिन ज्यावर बसतं ते पाय कापून नवे वेल्ड केले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जुन्याच इंजिनाचा डायनामो नव्या पट्टीवर असा काही बसवला की बाबांनी दोनदा वाकून बघितलं आणि "हं" म्हणाले. बाबांच्या "हं"साठी हे आठवडाभर उपाशी राहिले असते.

जुन्या इंजिनावरच्या चिंध्या सोडून नव्या इंजिनावर त्याच त्या जागी बांधायच्या, हे काम माझं. मग बाबा एकेक नळी हातात घ्यायचे, मी रंग सांगायचे, की जोडली.

गाडी चालवणाऱ्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. तो रागवायचा नाही. बत्तीस-तेहेतीस वर्षांचा, लांबट मानेचा, एकटा आईबरोबर राहणारा. घाटात तो इतका हळू उतरायचा की सिस्टर म्हणे मागच्या सीटवर बसून स्वेटर विणायची आणि टाका सुटायचा नाही. गाडी घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत दारात.

"वहिनी, गाडी झकास झालीय. खेचते काय! पण ब्रेक जरा दगडासारखा लागतो."

"डिझेल आहे ते," हे दुसऱ्या एका गाडीखालूनच म्हणाले. "जड असतं. पेट्रोलवाणी लाडात नाही यायचं."

"ते मान्य. पण संध्याकाळी पाय दुखतो हो."

"गोगलगायीला पाय असतो होय?"

आतून बाबा म्हणाले, "असतो की. एकच. तोही मऊ."

आम्ही सगळे हसलो. तो सगळ्यांत जास्त हसला. बाबांनी मात्र थट्टा संपली तिथे काम थांबवलं नाही. चारही चाकं उघडली, आतले पट्टे पाहिले, ब्रेकचं तेल बदललं, हवा काढली. सगळं जिथल्या तिथे. स्वतः चालवून आले. "पकडतोय," म्हणाले. "जोर लागतो, पण पकडतोय. सवय होईल." नळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. नळ्यांकडे बघायचं काय? चिंधीला चिंधी लागली होती.

तीन आठवड्यांनी वरच्या वस्तीवरून परत येताना सातव्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली. तो आणि सिस्टर, दोघंही.

चौकशी झाली. गाडी वर काढली तेव्हा गिअर न्यूट्रलला होता. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे ड्रायव्हर असतात, सगळ्यांना माहीत आहे. चौकशीवाल्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी खरं तेच सांगितलं, त्यांना जे खरं वाटत होतं ते. "इंजिन उत्तम होतं. ब्रेक मी स्वतः तपासले होते. गिअर न्यूट्रलला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं." कागदावर लिहून आलं: चालकाचा निष्काळजीपणा. त्यानंतर महिन्याभराने बाबांना झटका आला. अपघाताचा धसका घेतला असं सगळे म्हणतात. असेल.

गोगलगायीची आई दवाखान्यात चादरी धुण्याचं काम करायची. तिला कुणी काढलं नाही. पण सिस्टरबरोबर काम केलेल्या बायका तिच्याकडे बघेनाशा झाल्या, तिने वाळत घातलेल्या चादरी काढायला हात लावेनाशा झाल्या, आणि एक दिवस दवाखान्याच्या बाईंनी तिला जवळ बसवून म्हटलं, मावशी, थोडे दिवस घरीच थांबा. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

दोन रविवारांपूर्वी ती माझ्याकडे आली. बस म्हटलं तर बसेना. गॅरेजच्या उंबऱ्यावरच उभी राहिली, तेलाचे डाग चुकवत.

"तू गाडीच्या कामाला होतीस ना?"

"होते, मावशी."

"मग तूच सांग. त्याने गाडी न्यूट्रलला सोडली असेल?"

मी हातातला पाना फडक्याने पुसत राहिले.

"मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. लहानपणी जिना उतरताना कठडा धरून उतरायचा तो. पण आता वर्ष होत आलं, रोज ऐकते, रोज. मलाही वाटायला लागलंय की सोडली असेल. डिझेल वाचलं तर दवाखान्याचे लोक शाबासकी देतील, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं असेल. भोळा होता." तिने पदराने ओठ पुसले. "गुरुवारी वर्ष होतंय. मी सिस्टरच्या घरी जाणार आहे. तिच्या वडिलांचे पाय धरणार. म्हणणार, माझ्या मुलाने तुमची मुलगी मारली, मला माफ करा. एकदा माझ्या तोंडाने बोलून टाकलं की सुटेन."

"मावशी, असं नका करू."

"का नको? तुला काही माहीत आहे?"

"नाही."

"ती गाडी परत तुमच्याकडे यायचीय म्हणे."

खरं होतं ते. पोलिसांच्या आवारात वर्षभर पडलेली गाडी दवाखान्याने सोडवून घेतली होती. सांगाडा भंगारातच जमा होता, पण इंजिनाला धक्का लागलेला नव्हता. त्याच बनावटीची दुसरी एक जुनी गाडी त्यांना खाणीवरून मिळाली होती, तिचं इंजिन जाम झालेलं. हे इंजिन त्या गाडीत घाला, एवढंच काम.

"येणार आहे," मी म्हटलं.

"मग बघशील ना? काही सापडलं तर मला येऊन सांग. नाही सापडलं तरी येऊन सांग. गुरुवारी मी निघायच्या आत. शब्द दे."

मी शब्द दिला. काही सापडेल असं मला वाटलं नव्हतं, हेही खरं.

सोमवारी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक दबलेली, काच नसलेली, पुढच्या सीटवर वाळलेली पानं साठलेली. दुसरी मातीने भरलेली पण सरळ. खाणीवाली गाडी मुळातच डिझेलची होती. हे साखळीची कप्पी लावत होते आणि मी चिंध्या बांधायला घेतल्या. आधी खाणीवालीला, तिचं जाम इंजिन उतरवायचं म्हणून.

ब्रेकच्या पायट्याच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, एक काळा गोल डबा असतो, ताटाएवढा. त्याला बूस्टर म्हणतात. त्यातली हवा ओढून घेतली की पाय ठेवल्यावर तो डबाच पायाच्या वतीने जोर लावतो. हवा ओढली नाही तर माणसाला सगळा जोर स्वतःच्या पायाने लावावा लागतो. त्या डब्यातून एक जाड रबरी नळी निघते. खाणीवालीची नळी डायनामोच्या मागे गेली होती. डायनामोच्या पाठीला एक छोटा पंप चिकटलेला होता, मुठीएवढा. नळी त्याला लागलेली. मी दोन्ही टोकांना पिवळी चिंधी बांधली.

मग दबलेल्या गाडीकडे वळले. तीच नळी, तोच डबा. त्या नळीवर माझीच मागच्या वर्षीची चिंधी होती, निळ्या रेघांची, आमच्या जुन्या अभ्र्याची. दुसरं टोक बघायला वाकले. नळी इंजिन जिथून श्वास घेतं त्या पाइपाच्या तोटीला लागलेली होती. तिथेही निळ्या रेघांची चिंधी.

एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"अहो."

"हं."

"ह्या गाडीची ब्रेकची नळी डायनामोच्या पंपाला गेलीय. त्या गाडीची आपण हवेच्या पाइपाला लावली होती."

"त्या गाडीत पेट्रोल होतं."

"आधी होतं."

साखळीचा आवाज थांबला. हे स्टुलावरून उतरून आले. वाकले. माझ्यासारखंच एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. हातातला पाना त्यांनी बॉनेटवर ठेवला, तो घसरून खाली पडला, तरी उचलला नाही.

मला तोवर समजलं होतं, पण त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, जसं एखाद्या शिकाऊला सांगावं. पेट्रोलचं इंजिन श्वास घेताना ओढतं. जोराने ओढतं. त्याच ओढीवर बूस्टर चालतो, म्हणून पेट्रोलच्या गाडीत नळी तिथे लावतात. डिझेलच्या इंजिनाला तशी ओढच नसते. त्याला वेगळा पंप लागतो. तो पंप डायनामोच्या पाठीवर असतो. आमच्या इंजिनाचा डायनामो आधीच कुणीतरी काढून नेला होता, पंपासकट. ह्यांनी पेट्रोलच्या गाडीचा डायनामो लावला होता, ज्याला पंप नसतोच. आणि डिझेलच्या हवेच्या पाइपावर एक रिकामी तोटी होती, बूच लावलेली, अगदी जुन्या इंजिनासारखीच. मी जुन्या इंजिनावरची चिंधी सोडली आणि त्या तोटीला बांधली. बाबांनी नळी हातात घेतली. मी रंग सांगितला. त्यांनी बूच काढलं आणि जोडली.

"म्हणजे त्याला ब्रेकच नव्हता?"

"होता. नुसत्या पायावर." ह्यांनी हाताने तोंड पुसलं. तेल गालावर आलं. "सपाट रस्त्यावर कळणार नाही. भरलेली गाडी, घाट, अकरा वळणं... दाबून दाबून माणूस किती दाबेल? मग गिअर खाली ओढायला गेला असेल. वेगात गिअर पडला नसेल. न्यूट्रलला राहिला."

आतून खाटेची पट्टी वाजली. आवाज बंद झाला म्हणून बाबा बडवत होते. ह्यांनी पाना उचलून दोन-तीन वेळा लोखंडावर आपटला, उगाच. पट्टी थांबली.

दुपारी आम्ही जेवलो नाही. हे नळाखाली हात धूत होते. साबण संपेपर्यंत धुतले.

"कुणाला काही सांगायचं नाही," ते म्हणाले.

"मावशींना शब्द दिलाय."

"शब्द काय दिलास? काही सापडलं तर. काही सापडलं नाही."

"सापडलंय."

"आणि सांगून काय होणार? तो परत येणार आहे? सिस्टर येणार आहे?"

"त्या गुरुवारी पाय धरायला जाणार आहेत."

"धरू देत. माफी मागून कुणाचं वाईट झालंय?"

"त्यांच्या मुलाने केलेलं नाही."

"मग कुणी केलं, ते बोल ना!" ते ओरडले, आणि लगेच आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बाबांनी जबाब दिलाय. सही केलीय. मी डायनामो लावला. तू चिंधी बांधलीस. उद्या हे बाहेर गेलं की आपल्या दारात सायकलसुद्धा कुणी आणणार नाही. तेही जाऊ दे. पोलीस येतील. बाबा तिथे तसे पडलेत. त्यांचं आयुष्यभराचं नाव, ते काय झाडूने काढायचं?"

त्यांच्या बोलण्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. हे वाईट माणूस नाहीत. त्या रात्री ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर इतके वळले की शेवटी चटई टाकून जमिनीवर झोपायला गेले.

मंगळवार आणि बुधवार आम्ही काम केलं, कारण काम होतं. जाम इंजिन बाहेर काढलं, आमचं आत घातलं. खाणीवालीचा डायनामो पंपासकट काढून ह्या इंजिनावर लावला, नळी पंपाला जोडली. मी रंग सांगितले नाहीत. ह्यांनी प्रत्येक नळी दोन्ही टोकांना हात लावून पाहिली, ही कशासाठी आहे हे स्वतःशी पुटपुटत. बुधवारी दुपारी इंजिन सुरू झालं. काळा धूर आला, मग निवळला.

"बस आत," हे म्हणाले. "ब्रेक दाब."

मी बसले, उजवा पाय ठेवला. इंजिन चालू असताना पायटा आपोआप खाली गेल्यासारखा गेला, लोण्यात बोट जावं तसा.

"आता ती नळी काढा," मी म्हटलं.

"कशाला?"

"काढा ना. आणि पंपाच्या तोंडावर बोट धरा."

त्यांनी काढली. मी दोन-तीनदा दाबून डब्यात उरलेलं संपवलं आणि मग पुन्हा पाय ठेवला. दगड. पायटा हलेना. मी सीटला पाठ टेकून, दोन्ही हातांनी चाक धरून दाबला. थोडा गेला. पोटरीत गोळा आला. दुसरा पायही त्यावर ठेवला. गाडी जागच्या जागी उभी होती, खाली सपाट फरशी होती, आणि तरी मला घाम आला.

ह्यांनी इंजिन बंद केलं.

एक गोष्ट मी ह्यांना तोवर सांगितली नव्हती. तेव्हा सांगितली. सकाळी उठल्यापासून गॅरेज उघडेपर्यंत मी बोलत नाही. बरीच वर्षं झाली त्या नेमाला, सगळ्यांना ठाऊक आहे. अपघाताच्या दिवशी तो त्या वेळात आला होता. वर जाण्याआधी. मी अंगण झाडत होते. गाडीतूनच म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. मिस्त्रींना सांगा, ब्रेक अजून तसाच आहे, आज संध्याकाळी गाडी सोडून जातो." मी मान हलवली. तो हसून गेला. नेम संपला तेव्हा दूध उतू जात होतं, मग एक माणूस रेडिएटर घेऊन आला, आणि मी विसरले. नेम मोडला नाही. निरोप विसरले.

"सांगितला असतास तरी संध्याकाळपर्यंत काय..." हे म्हणाले.

"वर जाऊन आणता आली असती गाडी. बाबा गेले असते. त्यांना अर्धवट काम आवडत नाही."



संध्याकाळी मी ती जुनी नळी, निळ्या चिंधीसकट, घेऊन बाबांच्या खोलीत गेले. हे मागून आले. "नको," म्हणाले, "अगं, मरतील ते." पण जबाब बाबांचा होता. त्यांच्या पाठीमागे तो मोडायचा हे मला बरोबर वाटेना.

मी खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि नळी त्यांच्या हातात दिली. "बाबा, ही गोगलगायीच्या गाडीची. बूस्टरची. ही आपण हवेच्या पाइपाला लावली होती. पंप नव्हता."

चार वाक्यं. त्याहून जास्त बोलता आलं नाही.

त्यांनी अंगठ्याने नळीचं तोंड चाचपलं. चिंधीची गाठ चाचपली. मग नळी तोंडाशी नेली. पंप ओढतोय का हे मिस्त्री असंच पाहतात, नळीच्या तोंडावर जीभ लावून. त्यांचे अर्धे ओठ मिटत नाहीत. त्यांनी ओढायचा प्रयत्न केला, लाळ नळीवरून मनगटावर आली. दुसऱ्यांदा केला. मग नळी छातीवर ठेवून ते वर बघत राहिले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते मी पुसलं. परत आलं.

खूप वेळाने त्यांनी नळी माझ्या हातात कोंबली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि माझा हात दाराच्या दिशेने ढकलला. पुन्हा ढकलला.

"टाकून दे म्हणतायत," हे म्हणाले.

"घेऊन जा म्हणतायत."

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. विचारायची सोय नव्हती, आणि खरं तर विचारायला नकोही होतं. बाबांनी टाकून दे म्हटलं असतं तरी मला गुरुवारी जावंच लागलं असतं. हे कळल्यावर मला जरा झोप लागली.

सकाळी माझा नेम सांभाळून सगळं आवरलं. बाबांना पुसलं, अंथरूण बदललं, डब्यात त्यांचं जेवण झाकून ठेवलं. बाहेर जायची साडी नेसले, तेलाचा डाग नसलेली. नळी चिंधीसकट पिशवीत घातली. हे गॅरेजच्या पायरीवर बसून होते, दाढी न करता. शटर नुकतंच अर्धं वर केलेलं.

"काय म्हणशील?" त्यांनी विचारलं.

"घडलं ते."

"माझं नाव घे. डायनामोचं. तुझ्या एकटीवर घेऊ नकोस."

"बरं."

"मी येऊ?"

त्यांचा चेहरा पाहून मी नको म्हटलं. "बाबांजवळ कुणीतरी हवं. पान्याचा आवाज करा जरा, नाहीतर बडवत बसतील."

ते उठले. शटर पूर्ण वर सरकवलं. मी फाटकाची कडी काढली.

रस्त्यावर पलीकडच्या घरातली बाई पायरीवर पाणी मारत होती. बादली थांबवून तिने मला वाट दिली.

"आज लवकर? कुठे निघालात?"

"जवळच. जाऊन येते."

"लांब जाणार असाल तर छत्री घ्या हो, ऊन आत्तापासूनच टोचतंय."

"नाही, जवळच आहे," मी म्हटलं, आणि ओल्या रस्त्यावरून जपून पाय टाकत मावशींच्या गल्लीकडे चालायला लागले.